किड क्रिशला मुखवटा घालायची एवढी काय घाई होती?

ऑक्टोबर २०१३. 'क्रिश ३' १ नोव्हेंबरला येणार होता, त्याच्या आधी कार्टून नेटवर्कवर 'किड क्रिश' आला. मी तेव्हा सहावीत, कुंभार पिंपळगावात. लाइट टिकली तर बघायचं, अशी गत. टिकली, बघितलं आणि चिडले. तो राग अजून गेलेला नाही.

जरा 'क्रिश' (२००६) आठवा. जादूकडून रोहितला मिळालेली शक्ती त्याच्या पोरात, कृष्णात उतरते. शाळेत त्याची असामान्य बुद्धी लक्षात येते, तशी आजी सोनिया त्याला घेऊन दूर डोंगरात जाते. मुलाच्या शक्तीचा लोकांनी वापर करून घेतला, आता नातवाचं तसं होऊ द्यायचं नाही. मग दोनचार मिनिटांत कृष्णा मोठा होतो. मधलं अख्खं बालपण सिनेमा गाळून टाकतो.

म्हणजे कार्टूनवाल्यांना गोष्ट आयती मिळाली होती. सगळं जमतं, पण काहीच दाखवायचं नाही असं पोर! त्यांनी काय केलं? त्याला मुखवटा घातला आणि भूतान, मंगोलिया, आफ्रिका फिरवून आणलं. सिनेमात कृष्णा मुखवटा घालतो तो मोठा झाल्यावर, सिंगापूरच्या सर्कशीतल्या आगीत, आजीला दिलेला शब्द मोडू नये म्हणून. तोच मुखवटा लहानपणीच मिळाला तर लपायचं कशाला आणि घाबरायचं कुणाला? उरली ती फक्त मारामारी, आणि ती करायला छोटा भीम होताच की.

'लहान मुलांचं कार्टून आहे, एवढं काय मनावर घेतेस?' असं म्हणाल. पण लपवणं काय असतं हे लहान मुलांइतकं कुणालाच कळत नाही. त्याच वर्षी मी एक गणित मोठ्या वर्गातल्या पोरांच्या आधी सोडवलं. घरी कौतुक होईल वाटलं, तर आजी म्हणाली, "लोकात लय शानपणा दाखवू नको, नजर लागती." तिचं प्रेमच होतं ते. पण पुढं कितीतरी दिवस उत्तर येत असूनही मी हात वर केला नाही. टीव्हीवर दुसऱ्या एका आजीचा नातू होता. त्याला विचारायचं होतं, तू कसं करतोस रे? तो मंगोलियात होता.

हे जमणारं नव्हतं असंही नाही. अमेरिकेत 'स्मॉलव्हिल'नं २००१ ते २०११, दहा सीझन सुपरमॅनचं तरुणपण दाखवलं. शेतकऱ्याच्या घरात वाढणारा पोरगा, आईबापाचा धाक, जिवलगांशी बोललेलं खोटं. तो प्रसिद्ध पोशाख थेट शेवटच्या भागापर्यंत राखून ठेवला. लोक दहा वर्षं थांबले.

आपल्याकडे मात्र महिनाभरानं सिनेमा यायचा होता, म्हणून पोस्टरवरचा क्रिश लहान करून टीव्हीवर आणला. अशानं विज्ञानकथा होत नाही, जाहिरात होते. मुलांना तेवढंच पुरतं, असं ठरवलं कुणी? आम्हाला तर कुणी विचारलं नव्हतं.