मार्जार आणि संमार्जन

'मृज्' म्हणजे स्वच्छ करणें. ह्याच धातूपासून 'मार्जार' शब्द झाला, व 'संमार्जन'ही त्यांतूनच निघालें. दिवसभर अंग चाटून स्वच्छ ठेवणाऱ्या प्राण्यास हें नांव यथार्थच होय. परंतु आमच्या घरच्या संमार्जनानें मार्जाराचाच जीव धोक्यांत आला होता; ती हकीकत वाचकांस सांगणें आम्हांस अवश्य वाटतें.

आमच्या वहिनींची मनी गेल्या पावसाळ्यांत वारंवार ओकूं लागली. ओकारी पडली कीं घरांतील कोणीतरी तत्परतेनें जागा धुऊन टाकी. पशुवैद्यांच्या सांगण्यावरून विष्ठा तपासविली. तींत कृमींचीं अंडीं आढळलीं नाहींत. "पोटांत कृमि नाहींत," असा निकाल आम्हींच देऊन टाकला व पथ्यावर भर दिला. तीन आठवड्यांत मनीच्या पाठीचा कणा हातास लागूं लागला आणि वहिनींचेंही जेवणावरून मन उडालें. तेव्हां आम्ही पुन्हां वैद्यांकडे गेलों. त्यांनीं विचारलें, "ओकारी आणली आहे काय?" आम्ही निरुत्तर झालों.

दुसऱ्या दिवशींच्या ओकारींत सुमारें ४ सेंटिमीटर लांबीचा, पांढुरका, जाडसर कृमि निघाला. तो 'फायसॅलोप्टेरा' जातीचा ठरला. हा जठराच्या अस्तरास तोंडानें घट्ट चिकटून राहतो. एकदोन कृमि असले तरी मांजर ओकूं लागतें. पण इतक्या थोड्यांचीं अंडीं विष्ठेंत क्वचितच येतात. शिवाय तीं जड असल्यामुळें, दाट द्रावणावर अंडीं तरंगवून पाहण्याच्या नेहमींच्या रीतींत तीं हातीं लागतीलच असें नाहीं. म्हणून विष्ठा निर्दोष आली एवढ्यावरून जठर निर्दोष ठरत नाहीं.

ओकारींतील प्रत्येक पांढरा कृमि हाच असतो असेंही नव्हे. 'टॉक्सोकारा' हा गोल कृमि लहान आंतड्यांत राहतो, पण कधीं कधीं तोंडावाटे पडतो. नुसत्या डोळ्यांनीं दोघांत गफलत होते. सूक्ष्मदर्शकाखालीं मात्र भेद उघड होतो : फायसॅलोप्टेराच्या डोक्याशीं त्वचेची गळपट्टीसारखी घडी असते, तर टॉक्सोकाराच्या मानेस बाणाच्या टोंकासारखे पंख असतात. पहिल्याच्या अंड्यांत अळी तयार असते. दुसऱ्याच्या ताज्या अंड्यांत ती नसते. तरीही संशय राहिल्यास मांजरास गुंगी देऊन, दुर्बिणीची नळी घालून जठर पाहतात.

'ओलुलॅनस' नांवाचा तिसरा कृमि जेमतेम १ मिलिमीटर लांब. तो अंडीं न घालतां अळ्यांनाच जन्म देतो, आणि एका मांजराची ओकारी दुसऱ्यानें खाल्ली कीं त्याच्या पोटांत शिरतो. विष्ठेंत त्याचा पत्ता सहसा लागत नाहीं. ओकारी किंवा जठर धुतलेलें पाणी सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावें लागतें.

मनीस हा रोग कोठून झाला, असें वहिनींनीं विचारलें. फायसॅलोप्टेराचीं अंडीं झुरळें, रातकिडे, भुंगे यांच्या पोटांत जातात. ते किडे, किंवा ते खाणारी पाल अथवा उंदीर मांजरानें खाल्ला, कीं कृमि जठरांत पोहोंचतो. आमच्या कोठीच्या खोलींत झुरळें व पाली दोन्ही भरपूर आहेत, हें आम्हांस कबूल करावें लागलें.

तेव्हां वाचकांनीं एवढें करावें. मांजर पुनःपुन्हां ओकल्यास हातमोजे घालून ओकारी स्वच्छ, झांकणाच्या बाटलींत घ्यावी, वेळ लिहून ठेवावी व त्याच दिवशीं वैद्यांकडे न्यावी. मग जागा अवश्य धुवावी, हातही साबणानें धुवावे. माणसांचें जंताचें औषध अंदाजानें देऊं नये. औषध आणि मात्रा वैद्यांनींच ठरवावी.

योग्य औषधानें मनी सावरली आणि पुन्हां वहिनींच्या मांडीवर निजूं लागली. कोठींतील झुरळांचा बंदोबस्त आम्हीं केला आहे. पालींकडे मात्र तिची दृष्टि अजून तशीच असते. म्हणून चिठ्ठी लावलेली एक रिकामी बाटली आमच्या नातवानें फडताळांत ठेवून दिली आहे.