पोचितेलची मशीद खोटी कशी?

हर्झेगोव्हिना प्रांतांत नेरेत्वा नदीच्या डाव्या तीरावर पोचितेल नांवाचें जुनें गांव आहे. डोंगराच्या अंगावर चढत गेलेलीं दगडी घरें, माथ्यावर किल्ला आणि घरांच्या वर उठून दिसणारा हाजी आलीच्या मशिदीचा घुमट. तुर्की अमदानींत, १५६२-६३ सालीं, ही मशीद बांधली गेली. १९९३ सालच्या युद्धांत बोस्नियांतील क्रोएट सैन्यानें गांवच्या मुसलमानांस हुसकून लावलें व मशीद सुरुंगानें उडविली. युद्धानंतर ती पुन्हां बांधण्यांत आली.

हें नवें बांधकाम म्हणजे जुन्याची नक्कल, असा आक्षेप कांहीं कलापंडित घेतात व रस्किनची साक्ष काढतात. जीर्णोद्धार हें एक असत्य होय, असें त्यानें १८४९ सालीं लिहिलें, हें खरें. आम्हीही वर्गांत रस्किन शिकविला आहे; म्हणूनच विचारतों, त्याचा रोष कोणावर होता? काळानें झिजलेले दगड तासून नवे करणाऱ्यांवर. पोचितेलची मशीद काळानें पाडली नाहीं, माणसांनीं पाडली. आणि तीही या हेतूनें कीं, येथें अमुक लोक राहत होते असें सांगणारी खूण उरूं नये. ढिगारा तसाच ठेवावा म्हणणारा पंडित, नकळत कां होईना, सुरुंग लावणाऱ्याचेंच अपुरें काम पुरें करतो.

शिवाय, पूर्वजांच्या वास्तु आपल्या मालकीच्या नव्हेत, त्या बांधणाऱ्यांच्या व पुढें येणाऱ्या पिढ्यांच्या आहेत, हेंही रस्किनचेंच मत. मग मधल्या एका पिढीनें ती ठेव उधळली असतां, ती भरून देणें हें असत्य कसें?

दुसरा आक्षेप असा कीं, मशीद परक्या जेत्यांची. पण तींत नमाज पढणारे शेतकरी व कारागीर त्याच भूमीचे, शेजारच्या ख्रिस्ती लोकांसारखीच स्लाव भाषा बोलणारे. चारशें तीस वर्षें उभी असलेली वास्तु परकी ठरली, तर आपली म्हणावयास उरेल तरी काय?

आक्षेपकांचें एक म्हणणें आम्हांस मान्य आहे. नव्या दगडानें जुनेपणाचें सोंग घेऊं नये. १९९३ सालीं काय घडलें हें तेथें येणाऱ्यास स्पष्ट कळलें पाहिजे. परंतु खऱ्याखोट्याची कसोटी दगडाच्या वयांत नाहीं. हुसकून लावलेलीं कुटुंबें निर्भयपणें परत येऊन तेथें नमाज पढूं शकतात कीं नाहीं, हीच ती कसोटी. तीं न येतील, तर घुमट प्रवाशांच्या चित्रापुरता उरेल. तेव्हां खोटेपणाचा शोध घ्यावयाचा तर तो तेथें घ्यावा; गवंड्याच्या हातांत घेऊं नये.