ग्लीममध्ये टाइपक्लास नाहीत, तरी डेव्हलपर खूश का?

स्टॅक ओव्हरफ्लोच्या 2025 च्या सर्वेक्षणात 'वापरली आणि पुढेही वापरायचीय' अशा भाषांमध्ये रस्टनंतर दुसरा नंबर लागला ग्लीमचा. मार्च 2024 मध्ये 1.0 आवृत्ती आलेली ही फंक्शनल भाषा एर्लंगच्या व्हर्च्युअल मशीनवर चालते. व्हॉट्सॲपचा सर्व्हरही एर्लंगवरच उभा राहिला. पण हॅस्केलमधले टाइपक्लास किंवा रस्टमधले ट्रेट ग्लीममध्ये नाहीतच. मग पॉलिमॉर्फिझमचं काय?

पॉलिमॉर्फिझम म्हणजे एकच फंक्शन वेगवेगळ्या प्रकारच्या डेटावर चालणं. त्यात दोन जाती आहेत.

पहिली जेनेरिक. यादी उलटी करणारं फंक्शन आत आकडे आहेत की नावं, हे बघतच नाही. हे ग्लीममध्ये आहे आणि माझ्या मते ते बिनधास्त वापरावं.

दुसरी जात डेटाचा प्रकार बघून काम बदलते. टाइपक्लास येतात ते इथे. इथे मी आधी एकच प्रश्न विचारतो: नवे प्रकार कोण वाढवणार?

समजा, तुम्ही दुकानासाठी ॲप बनवताय. पैसे येतात रोख, कार्ड किंवा यूपीआयने. ही यादी तुमच्याच हातात आहे, म्हणून तिघांचा एकच टाइप करा आणि पॅटर्न मॅचिंग वापरा. उद्या 'उधारी' वाढवलीत, की जिथे जिथे ती हाताळायची राहिलीय, तिथे कंपायलर अडवेल. फक्त 'बाकी सगळं' अशी पळवाट ठेवू नका. ठेवलीत तर उधारी गुपचूप रोखीत धरली जाईल आणि रात्री गल्ला जुळणार नाही.

लायब्ररीची गोष्ट वेगळी. तुमचं सॉर्टिंग कोण कुठल्या टाइपवर चालवेल, हे तुम्हाला आधी कळणार नाही. हॅस्केल तिथे टाइपक्लास वापरते. ग्लीम म्हणते, तुलना करणारं फंक्शनच सोबत द्या. दरवेळी थोडं जास्त लिहावं लागतं, पण काय चाललंय ते समोर दिसतं. ग्लीम वाचायला सोपी वाटते त्यामागे हेही एक कारण आहे, असं मला वाटतं.

अँड्रॉइडसाठी कोटलिन शिकताय? तिथेही हाच हिशोब लागू. यादी तुमची असेल तर सील्ड क्लास, इतरांनी भर घालायची असेल तर इंटरफेस. इंटरफेस लिहायला घेण्याआधी तेवढा प्रश्न स्वतःला नक्की विचारा.