तासांचा हिशेब कोण देणार?

आपल्या विज्ञानवार्तांना दोन शब्दांचे व्यसन जडले आहे : ‘पहिले’ आणि ‘स्वदेशी’. हे दोन शब्द मथळ्यात बसले की वार्ताहराचे काम संपते, वाचकाची छाती फुगते, आणि ज्या प्रश्नावर यंत्राचे सारे भवितव्य अवलंबून असते तो विचारायचाच राहून जातो. यंत्र किती तास चालले? किती भाराखाली, कोणत्या तापमानात? उघडल्यावर आत काय दिसले?

५ एप्रिल २००९ चे उदाहरण घ्या. त्या दिवशी कर्नाटकातील, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या एका पडीक धावपट्टीच्या परिसरातून ‘निशांत’ हे वैमानिकरहित विमान भारतात घडवलेल्या वांकेल इंजिनावर प्रथमच उडाले. त्याने १.८ किलोमीटर उंची गाठली आणि सुमारे चाळीस मिनिटांनी ते सुखरूप परतले. इंजिन ५५ अश्वशक्तीचे, वजन अवघे ३० किलोच्या आसपास. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने त्याचा गाभा घडवला, म्हणजे अॅल्युमिनियमचे खास ओतकाम आणि आतल्या भिंतीवरचा निकेल व सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा. प्रज्वलन आणि इंधनपुरवठा अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) वाहन संशोधन व विकास संस्थेचा, तर उड्डाणचाचणी एडीईची. हे काम खरोखर अवघड होते. वांकेल इंजिन चालवून दाखवणे सोपे असते. ते चालत ठेवणे हेच त्याचे शास्त्र. त्या भिंतीवरचा मुलामा म्हणजे जवळजवळ संपूर्ण इंजिन, हे ज्याला ठाऊक आहे तो या गटाला मनापासून नमस्कार करील. पण आपण टाळ्या वाजवल्या त्या उड्डाणाला. उड्डाणापूर्वी जमिनीवर घेतलेल्या सहनशक्तीच्या चाचण्या बातम्यांत एखाद्या विशेषणात आटोपल्या.

पुढे २०१५ पर्यंत सेनेकडील चारही निशांत कोसळली आणि पुढची मागणी रद्द झाल्याचे वृत्त आले. त्या अपघातांचे खापर या इंजिनावर फोडणे अन्यायाचे होईल आणि मी ते फोडत नाही. माझी तक्रार वाचकाच्या वतीने आहे. ‘पहिले’ म्हणून सांगितलेल्या गोष्टीचे दहावे, शंभरावे, पाचशेवे तास आपल्याला कोणी सांगत नाही, आणि आपणही विचारत नाही.

हाच रोग आता एका तरुण छंदाला लागलेला दिसतो. पुण्यापासून कोइमतूरपर्यंत अभियांत्रिकीच्या मुलांना माझदाच्या १३बी या दोन रोटरांच्या इंजिनाचे वेड आहे. आपल्याकडे माझदा हे नाव ओळखीचे झाले ते स्वराज माझदाच्या मालवाहू गाड्यांमुळे. आरएक्स-७ भारतात अधिकृतपणे कधी विकलीच गेली नाही. तरीही ते इंजिन मिळवावे, दुसऱ्याच गाडीत बसवावे, त्यावर भलामोठा टर्बो चढवावा आणि डायनोवरचा आकडा छातीवर मिरवावा, असे स्वप्न अनेकांचे आहे. स्वप्नाला माझा विरोध नाही. विरोध आहे तो त्या आकड्याला. डायनोवर इंजिन दहा-पंधरा सेकंद पूर्ण जोर लावते. ट्रॅकवर वीस मिनिटांच्या सत्रात अर्ध्याहून अधिक वेळ ते पूर्ण जोरात असते. पहिली परीक्षा शक्तीची आणि दुसरी उष्णतेची. पहिलीचे गुणपत्रक दाखवून दुसरीत उत्तीर्ण झाल्याचा दावा कोणत्याही विद्यापीठात चालणार नाही.

पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी थोडे सविस्तर सांगतो, कारण सारा वाद येथेच निकाली निघतो.

वांकेलच्या एका कक्षाचे कार्यकारी आकारमान ३√३ × e × R × b इतके असते. १३बीसाठी e म्हणजे उत्केंद्रता १५ मिमी, R म्हणजे रोटराच्या केंद्रापासून टोकापर्यंतचे अंतर १०५ मिमी आणि b म्हणजे रुंदी ८० मिमी. गुणाकार करून पाहा : ६५४ घन सेंटिमीटर, आणि दोन रोटरांचे १३०८. इतक्या लहान आकारात एवढी शक्ती कशी, याचे कौतुक येथे संपते आणि किंमत सुरू होते. पिस्टनच्या इंजिनात सिलिंडरच्या एकाच भिंतीला आळीपाळीने थंड मिश्रण आणि आग, दोन्ही भेटतात. त्यामुळे भिंतीचे तापमान सरासरीवर स्थिरावते. वांकेलमध्ये चारही क्रिया चार निरनिराळ्या जागी घडतात. स्पार्क प्लगजवळचा भाग प्रत्येक फेऱ्यात केवळ आग पाहतो, थंड श्वास त्याच्या वाट्याला कधीच येत नाही. समोरची बाजू मात्र कायम थंड. एकाच हाउसिंगची एक कड भाजते आणि दुसरी गार राहते, म्हणून ते हाउसिंग वेडेवाकडे प्रसरण पावते.

त्यात हाउसिंग अॅल्युमिनियमचे, तर बाजूच्या पाट्या ओतीव लोखंडाच्या. ८० मिमी जाडीचा थर १०० अंशांनी तापला तर अॅल्युमिनियम सुमारे ०.१८ मिमी वाढते आणि लोखंड जेमतेम ०.०९. हे सँडविच आवळून धरणारे लांब बोल्ट पोलादाचे. या तिघांच्या भांडणात मध्ये सापडते ती पाणी अडवणारी रबरी सील. इंजिन एकदा जरी बेसुमार तापले तरी ती दबते, कडक होते आणि पुढच्या वेळी कक्षात पाणी झिरपू लागते. ‘इंजिन अचानक गेले’ असे मुले म्हणतात. अचानक काही जात नाही. काट्याने लाल पट्टी ओलांडली त्याच दुपारी त्याचा निकाल लागलेला असतो.

रोटराच्या टोकावरची अॅपेक्स सील आणखी नाजूक. १३बीच्या टर्बो आवृत्तीत ती दोन मिलिमीटर जाड पट्टी आहे आणि ८००० फेऱ्यांना ती भिंतीवरून सरासरी सेकंदाला ३० मीटरच्या आसपास, काही ठिकाणी ४० हून अधिक वेगाने घासत जाते. तिला तेल मिळते ते थेंबाथेंबाने, इंधनाबरोबर जळण्यासाठीच सोडलेले. एवढे ती सोसते. जे सोसत नाही ते म्हणजे अवेळी स्फोट, ज्याला गॅरेजात नॉकिंग म्हणतात. पिस्टन-इंजिन नॉकिंगचे चार तडाखे खाऊनही घरी पोचते. येथे एकच जोरदार तडाखा ती पट्टी मोडू शकतो, आणि मोडलेला तुकडा भिंत ओरबाडून एक्झॉस्टवाटे टर्बोच्या पात्यांवर जाऊन आदळतो.

आता टर्बो. मी राहतो त्या तिरुवैयारुपासून जवळचे ट्रॅक म्हणजे कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे आणि चेन्नईजवळचा इरुंगाट्टुकोट्टै, तेही अडीच-तीनशे किलोमीटरवर. तेथील दुपारच्या ३५ अंशांच्या हवेचा दाब टर्बोने दुप्पट केला, तर आदर्श गणितानेही ती १०२ अंशांवर जाते. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर १३० अंशांच्या पुढे. इंटरकूलरने त्यातली ७० टक्के वाढ काढून घेतली तरी इंजिनात शिरणारी हवा ६४ अंशांची. जपानमधल्या थंड सकाळी कोणीतरी केलेले ट्यूनिंग उतरवून घेऊन ते येथे भरणाऱ्याने हा हिशेब करावा. अवेळी स्फोटाला निमंत्रण याहून वेगळे लिहावे लागत नाही.

आणि एकूण उष्णता? ३५० अश्वशक्ती म्हणजे सुमारे २६० किलोवॉट. इंधनातील ऊर्जेचा चौथा भाग चाकांच्या कामी आला असे उदारपणे धरले, तरी साडेसातशे किलोवॉटहून अधिक उष्णता एक्झॉस्ट, पाणी आणि तेल यांत वाटली जाते. रोटर आतून तेलानेच थंड होतात, त्यामुळे तेलाचा वाटा येथे फार मोठा. एवढी भट्टी ज्या गाडीच्या नाकात बसवायची, त्या गाडीचे मूळ रेडिएटर कदाचित ८० अश्वशक्तीसाठी घडलेले असते. इंजिन-बदल म्हणजे माउंटिंग जुळवणे, अशी समजूत आहे. माउंटिंग आठवड्यात जुळतात. हवा आत कोठून येईल आणि गरम होऊन बाहेर कोठून पडेल, हे जुळवायला वर्ष लागते.

म्हणून टिकणारे टर्बो-रोटरी कसे असावे, याचे उत्तर कंटाळवाणे आहे. मर्यादित बूस्ट. एक मध्यम टर्बो आणि त्याला ऐसपैस वेस्टगेट, कारण रोटरीचा एक्झॉस्ट इतका जोरकस असतो की लहान वेस्टगेट त्याला पुरत नाही आणि दाब आपोआप वर चढत जातो. दोन मोठे ऑइल कूलर, त्यांना स्वतंत्र वायुमार्ग. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेलाचे थोडे मिश्रण. इंधन सढळ, प्रज्वलन सबुरीचे. पाणी, तेल, एक्झॉस्ट आणि इंधनदाब यांचे सेन्सर, आणि त्यांतल्या एकानेही हद्द ओलांडली की चालकाला न विचारता शक्ती कापणारे ईसीयू. (इथेनॉलचा राग करणाऱ्यांसाठी एक शब्द : त्याची बाष्पीभवन-उष्णता पेट्रोलच्या दुपटीहून अधिक असल्याने टर्बो-रोटरीला ते थंडावाच देते. मात्र लिटरमागे ऊर्जा कमी, म्हणून इंजेक्टर, पंप आणि सारे ट्यूनिंग नव्याने करावे लागते.) सर्वांत महत्त्वाची, म्हणून सर्वांत उपेक्षित वस्तू म्हणजे तासमापक आणि एक वही. ठरावीक तासांनी प्रत्येक रोटराच्या तिन्ही बाजूंचा दाब मोजायचा आणि लिहायचा. तीनपैकी एक आकडा उतरू लागला की पट्टी मोडण्याआधी ती बोलू लागलेली असते.

यावर ठरलेले उत्तर येते : ‘रोटरी मुळातच ठिसूळ, ती फुटणारच.’ इतिहास तसे सांगत नाही. १९६८ साली न्युरबर्गरिंगवर ८४ तासांच्या शर्यतीत माझदाने दोन कॉस्मो उतरवल्या. एक चौथी आली. दुसरी ८२व्या तासाला थांबली, तीही मागच्या आसाच्या बिघाडाने. त्या इंजिनांच्या फेऱ्या मुद्दाम मर्यादित ठेवल्या होत्या. १९९१ च्या ल मान्समध्ये ७८७बी ने २४ तासांत ३६२ फेऱ्या मारून विजय मिळवला. आघाडीवरची मर्सिडीज शेवटच्या काही तासांत इंजिन तापून थांबली होती. आणि ज्या चार-रोटरी इंजिनाच्या नावाने सारे रोटरीभक्त शपथ घेतात, त्याला टर्बो नव्हताच! प्रत्येक रोटराला तीन स्पार्क प्लग, सिरॅमिकच्या अॅपेक्स सील, फेऱ्यांनुसार लांबी बदलणाऱ्या श्वासनलिका, आणि २.६ लिटरमधून ७०० अश्वशक्ती. टर्बो लावूच नये असे मी म्हणत नाही. लावला की उष्णतेचे जे कर्ज अंगावर येते, ते फेडायची तयारी दाखवा एवढेच म्हणतो.

दुसरे उत्तर अधिक ऐटबाज असते : ‘शर्यतीचे इंजिन फुटण्यासाठीच असते.’ हे वाक्य ज्यांच्याकडे सुटे इंजिन आणि पगारी मेकॅनिक आहेत त्यांच्या तोंडी शोभते. दोन वर्षांचे खर्चाचे पैसे साठवून एक जुने इंजिन घेतलेल्या विद्यार्थ्याने ते उसने घेऊ नये. तिसऱ्या फेरीत थांबलेली गाडी काहीच शिकवत नाही, ना चालवणे, ना यंत्रशास्त्र.

कावेरीच्या या खोऱ्यात डिझेलचा पंप भाड्याने मिळतो तो तासाच्या हिशेबाने. भाताला पाणी देणारा शेतकरी अश्वशक्तीबरोबर हेही विचारतो की रात्रभर चालेल ना. त्या प्रश्नात जेवढे अभियांत्रिकी शहाणपण आहे, तेवढे आपल्या विज्ञानपानांवर आढळत नाही. येथून जवळच तंजावरात सरफोजी दुसरे यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयाने जपल्या आहेत. कोणाचा डोळा कसा होता आणि उपचारानंतर कसा झाला, हे रुग्णागणिक लिहून ठेवण्याची शिस्त एका मराठी राजाच्या दरबारात दोनशे वर्षांपूर्वी होती. आमच्या महाविद्यालयांतील प्रकल्प-अहवालांत मात्र फुटलेल्या सीलचे एक छायाचित्रही सापडत नाही, कारण बिघाड लिहिला की गुण जातात अशी मुलांची समजूत आहे, आणि अनेक ठिकाणी ती खरी आहे. हीच मुले उद्या बंगळूर आणि अहिल्यानगरच्या प्रयोगशाळांत जातील आणि हीच सवय बरोबर नेतील.

तेव्हा प्राध्यापकांकडे माझी मागणी साधी आहे. मोटरस्पोर्टच्या प्रकल्पाला गुण देताना कमाल शक्तीचा रकाना काढून टाका. त्या जागी तीन रकाने घाला : पूर्ण भाराखालचे एकूण तास, त्या काळातले पाण्याचे व तेलाचे सर्वोच्च तापमान, आणि उघडल्यावर काढलेली छायाचित्रे, मोडतोडीसकट. वार्ताहरांनीही हेच तीन प्रश्न पुढच्या ‘पहिल्या स्वदेशी’ इंजिनाच्या पत्रकार परिषदेत विचारावेत. माझदाने २०२३ मध्ये रोटरी पुन्हा आणली ती एमएक्स-३० मध्ये, एकच रोटर, ८३० घन सेंटिमीटरचा, चाकांना न जोडलेला, केवळ बॅटरी भरण्यासाठी. पन्नासहून अधिक वर्षांच्या अनुभवानंतर त्या कंपनीने आपल्या लाडक्या इंजिनाला दिलेले काम हे असे आहे.