रिकाम्या रकान्यातील निवाडा

बाहेरच्या संग्रहातील ग्रंथनोंदी यंत्राद्वारे आपल्या तालिकेत आणताना ग्रंथाची भाषा कोणी ठरवायची? ओएआय-पीएमएच या प्रचलित पद्धतीत प्रत्येक नोंद निदान डब्लिन कोअरच्या साच्यात मिळते. त्यातील १५ रकान्यांपैकी एकही सक्तीचा नाही; भाषेचाही नाही. हा रिकामा रकाना लिपी पाहून ‘हिंदी’ किंवा प्रकाशनस्थळ पाहून ‘कन्नड’ असा भरणे म्हणजे पुराव्याविना निवाडा देणे होय. देवनागरी मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी या साऱ्यांचीच लिपी आहे, आणि बेळगावात मराठी ग्रंथही छापले जातात.

म्हणून आमची मागणी अशी : मूळ नोंदीत ‘एमएआर’ हा मराठीचा संकेत असेल, तर तो जसाच्या तसा यावा. भाषा नमूद नसेल, तर आयएसओ ६३९-२ मधील ‘यूएनडी’, म्हणजे ‘अनिश्चित’, हा संकेत लावून नोंद जाणत्या माणसाकडे तपासणीस द्यावी. त्याने केलेली दुरुस्ती पुढील आयातीत पुसली जाऊ नये.

मराठी म्हणून शोधताना न सापडणारा ग्रंथ कपाटात असूनही वाचकाला पारखा होतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २९ ने आपल्याला भाषा जतन करण्याचा हक्क दिला आहे. तालिकेतील एका चुकीच्या संकेतापायी आम्ही तो सोडणार नाही.