बिनदातांचा वाघ

आम्हा नागपूरकडच्या माणसांना वाघाशी कसं वागावं हे शिकवावं लागत नाही. लग्नाच्या पंगतीत जिलबीवरून दोन पिढ्यांचं वैर धरणारा गृहस्थसुद्धा ताडोबाच्या गेटातून आत गेला की कीर्तनाला बसल्यासारखा बसतो. बोलणं बंद, खाणं बंद, हात जिप्सीच्या आत. गाइडनं ओठावर बोट ठेवलं की खोकलासुद्धा गिळतो. घरी सौ.नं तसंच बोट ठेवलं असतं तर काय झालं असतं, ते सांगायला नको. पाच तास धूळ खाऊन वाघाच्या नुसत्या पायाचा ठसा दिसला, तरी हा माणूस नागपूरला परत येऊन आठवडाभर त्याच ठशाचं वर्णन करतो.

मी हिंगण्याचा. म्हणजे नागपूरला लागून असलेलं एमआयडीसीचं हिंगणा. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात हिंगणी आहे, तिथं बोर धरण आहे आणि २०१४ पासून बोर व्याघ्र प्रकल्पही आहे. काना आणि वेलांटी एवढाच काय तो फरक. त्यामुळे पुण्या-मुंबईचे पाहुणे "तुमच्याकडे अंगणात वाघ येतात म्हणे" असं विचारतात, आणि आम्हीही "येतात की कधीमधी" असं म्हणून त्यांच्या ताटात अजून एक पोळी वाढतो. सांगायचा मुद्दा हा, की वाघाचा मान राखणं आमच्या पाण्यातच आहे.

माझी तक्रार आहे ती वेगळीच. हाच आमचा माणूस समुद्रावर गेला आणि त्याला कासव दिसलं, की त्याला काय होतं?

बँकेतल्या माणसाला ठरावीक वर्षांनी एलएफसी मिळते. म्हणजे सहकुटुंब प्रवासाचं भाडं बँक देते आणि प्रवासातला मनस्ताप आपण भरतो. आमच्या शाखेत एकानं मालवण काढलं, की त्या ब्लॉकमध्ये सगळ्यांचं मालवणच निघतं. लग्नसराईत सगळ्यांच्या घरी एकच स्टीलचा डबा यावा तसं. हजारेक किलोमीटर प्रवास करून आम्ही तिथं पोचलो. सकाळी नाव, सिंधुदुर्ग किल्ला, मग किल्ल्याजवळच्या खडकांपाशी स्नॉर्कलिंग, असा बेत. नावेत आम्ही अकरा जण: माझं कुटुंब चार, आमचे हेड कॅशियर सहकुटुंब चार, आणि किनाऱ्यावरच ओळख झालेलं एक त्रिकूट. ओळख लगेच झाली, कारण तेही नागपूरचेच निघाले. त्रिकुटातल्या थोरल्या भाऊंनी नावेत पाय ठेवायच्या आधी नाववाल्याला विचारलं, "कासव दाखवशील ना बाप्पा? पैसे देल्ले न आम्ही!"

नाववाला म्हणाला, "आसला तर दिसतला."

या तीन शब्दांत समुद्राचं सगळं शास्त्र आलं होतं, पण भाऊंना ती टाळाटाळ वाटली.

स्नॉर्कलिंग म्हणजे काय, हे ज्यांनी केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. चष्म्यात नाक बंद करतात, तोंडात एक नळी देतात आणि पाण्यावर पालथं तरंगायला लावतात. जन्मभर योगाच्या वर्गात "तोंड मिटा, नाकानं श्वास घ्या" हे ऐकलेल्या माणसाला एका मिनिटात उलटा धडा घ्यावा लागतो. आमच्या हेड कॅशियरसाहेबांच्या तोंडात नळी असूनही ते सूचना देत होते. फक्त त्या कळत नव्हत्या, आणि ही शाखेतल्यापेक्षा सुधारणाच होती. पण एकदा श्वास जमला आणि खाली नजर गेली, की वाद मिटतात. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे अगदी नाकाशी येतात. खडकांवर प्रवाळ असतं. ते दगडासारखं दिसतं, पण जिवंत असतं. १९८७ साली सरकारनं मालवणचा २९ चौरस किलोमीटरचा हा टापू सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केला तो याच्यासाठी. अभयारण्य म्हणजे ताडोबासारखंच, फक्त ओलं.

आणि या ओल्या अभयारण्यात आमच्या बाजूला काय चाललं होतं? एक नाव प्रवाळावर नांगर टाकत होती. एक काकू त्याच प्रवाळावर उभ्या राहून "इथं पाय टेकतात गं" म्हणून बहिणीला बोलावत होत्या. चार हात पाण्यात ब्रेडचे तुकडे सोडत होते, कारण ब्रेड सोडला की मासे येतात आणि मासे आले की फोटो येतो. रेशनच्या दुकानासमोर व्हावी तशी माशांची गर्दी झाली होती. मैदा हा माशांचा आहार आहे असं कुठल्या ग्रंथात लिहिलंय कोण जाणे. आमच्या डॉक्टरांनी तो मलासुद्धा बंद केलाय.

कासव दिसलं ते परतीच्या वाटेवर. नावेपासून वीसेक हातांवर सोललेल्या नारळाएवढं डोकं वर आलं, "फुस्" असा आवाज झाला, आणि ते डोकं आमच्याकडे पाहत राहिलं. म्हणजे ते पाहत होतं असं आम्हाला वाटलं; ते बिचारं श्वास घेत होतं. नावेत असा गलका उठला की विचारू नका. मुलं उभी राहिली, नाव कलली, सौ.नं माझा दंड धरला, आणि भाऊंनी लाइफ जॅकेटसकट पाण्यात उडी ठोकली. कासवाच्या दिशेनं दोन्ही हात पुढे करून! डोकं नाहीसं झालं. भाऊ वर आले, नाकातोंडातलं खारं पाणी थुंकले आणि म्हणाले, "थोडक्यात हुकलं न. हातात आलतं."

हातात आलं असतं तर पुढे काय, हे मी त्यांना विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चेकवर मागच्या बाजूला सही मागितली होती.

आता मला एवढंच सांगा. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. त्याची पहिली अनुसूची आहे. तिच्यात वाघ आहे, आणि त्याच पहिल्या अनुसूचीत आपल्या समुद्रातली कासवंही आहेत. कायद्याच्या लेखी दोघांचं वजन एकच, जसं पासबुकात दोन खातेदारांची ओळ एकाच शाईत असते. मग भाऊंनी ताडोबात जिप्सीतून उडी का मारली नाही? वाघाच्या दिशेनं दोन्ही हात पुढे का केले नाहीत? उत्तर तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. वाघाला दात आहेत. कासवाच्या तोंडात दात नसतात, नुसती चोच असते. आपलं सगळं निसर्गप्रेम समोरच्याच्या दातांची लांबी मोजून ठरतं.

कोणी म्हणेल, वाघाला तरी कुठे सुखानं जगू देतात? मान्य. ३१ डिसेंबर २०२४ ला आमच्याच उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना सफारीच्या गाड्यांनी दोन्हीकडून अडवलं होतं. पण पुढे काय झालं? पेपरात आलं, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं आपण होऊन दखल घेतली. सगळ्या नागपूरनं चहाच्या टपरीवर छी-थू केली. त्यात आमचे भाऊही असणार, याची मी पैजेनं खात्री देतो. मालवणात ज्या कासवाचा श्वास अर्धा राहिला, त्याची दखल घेतली ती फक्त माझ्या धाकट्यानं. "बाबा, ते परत श्वास घ्यायला कुठं जाईल?" असं त्यानं विचारलं.

प्रश्न पोराचा असला तरी बरोबर होता. कासव पाण्यात राहतं, पण माशासारखं पाण्यात श्वास घेत नाही. त्याला आपल्यासारखीच फुप्फुसं आहेत. निवांत पडून असेल तर ते तासन् तास दम धरतं, पण घाबरून पळायला लागलं की तोच दम मिनिटांत खलास होतो आणि त्याला वर यावंच लागतं. आणि वर आपण असतो, नळ्या लावून, गोल करून, मोबाइल पुढे धरून. दुसरी गोष्ट. आपल्या विहिरीतलं, तळ्यातलं कासव हात लावला की मान आणि पाय आत ओढून घेतं. समुद्री कासवाला ते जमत नाही. त्याची पाठ पोहण्यासाठी चपटी झालेली असते, आत जागाच नसते. म्हणजे देवानं याला दातही दिले नाहीत आणि घराचं दारही लावून घेता येत नाही. त्याच्याजवळ एकच उपाय: खाली जाणं. तोही आपण श्वासाच्या वेळेला काढून घेतो.

"हात लावल्यानं काय होतं हो?" हा प्रश्न मला शाखेत निदान सहा जणांनी विचारला. मला वाटतं, ही खोड आपल्या देवळातून आली असावी. गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं, त्याला हात लावायचा, कपाळाला लावायचा आणि पुढे जायचं. ते शेकडो वर्षं गप बसून हात लावून घेतं. म्हणून हेही घेईल, असा हिशेब. कूर्मावतार झालेल्या देवाला नमस्कार, आणि जिवंत कूर्माच्या पाठीवर बसून फोटो!

दुसरा प्रश्न, "पैसे भरले ना?" यावर मात्र मी वीस वर्षांच्या नोकरीच्या अधिकारानं बोलू शकतो. लॉकरचं भाडं भरलं म्हणून शेजारच्या लॉकरात हात घालायला मिळत नाही. नावेचं भाडं हे नावेचं असतं. कासवानं त्यातला एक पैसाही घेतलेला नाही, पावतीवर त्याची सही नाही.

तिसरा प्रश्न जरा खरा आहे: नाववाल्याच्या पोटाचं काय? पावसाळ्यात हा धंदा बंद. जे काय कमवायचं ते उरलेल्या महिन्यांत. गिऱ्हाईक कासव मागतं, ब्रेड मागतं, नाही दिलं तर शेजारच्या नावेत जाऊन बसतं. मी नाववाल्याला दोष देणार नाही. कोकणातला मच्छीमार कासवाचा वैरी आहे असंही मुळीच नाही. जाळ्यात सापडलेलं कासव सोडायला त्यानं स्वतःचं जाळं कापलं, तर २५ हजारांपर्यंत भरपाई द्यायची योजना सरकारनं २०१८ मध्ये आणली, आणि लोकांनी जाळी कापली. आपलं पोट ज्यावर आहे ते जाळं कापायचं म्हणजे आमच्या कॅशियरनं हातातली नोट फाडण्यासारखं आहे. हा धंदा बिघडवतो तो काउंटरच्या अलीकडचा माणूस. म्हणजे मी, तुम्ही, भाऊ.

आणि तो सुधारत नाही असंही नाही. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास आहे, नाना फडणवीसांचं गाव. तिथं पूर्वी कासवाची अंडी चोरीला जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती राखायला सुरुवात केली. आज लोक तिथं मुद्दाम जातात, गावकऱ्यांच्या घरी राहतात, मोदक खातात आणि पहाटे वाळूत दोरीच्या अलीकडे उभे राहतात. दोरीच्या पलीकडे ऑलिव्ह रिडलेची तळहातापेक्षा लहान पिल्लं समुद्राकडे चालत जातात. कधी पंचवीस, कधी पाच, कधी एकही नाही. हात लावायचा नाही. माणसं हात लावत नाहीत! तीच माणसं, तेच मोबाइल, तीच तिकिटाची किंमत वसूल करायची वृत्ती. फरक फक्त त्या सुतळीचा. नानांचा शहाणपणा त्या गावात अजून शिल्लक आहे म्हणायचा.

त्या कासवांची मजल ऐकाल तर आपली एलएफसी लाजेल. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायाला टॅग लावला होता, नंबर ०३२३३. तीच मादी जानेवारी २०२५ मध्ये आपल्या गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. साडेतीन हजार किलोमीटर! ना बिल लावलं, ना आगाऊ रक्कम उचलली. आली, खड्डा केला, शंभरावर अंडी ठेवली, वाळू सारखी केली आणि गेली. आमच्याकडे टोकन घेऊन बसलेला खातेदार दहा मिनिटांत उठून भांडायला येतो. आणि एवढ्या लांबून आलेल्या ०३२३३ ला गुहागरच्या पुढे कुठं श्वास घ्यायला वर यावं लागलं आणि तिथं भाऊंची नाव असली तर?

पुढच्या डिसेंबरात आमच्या शाखेतले नऊ जण पुन्हा मालवणला निघालेत. बंदोबस्त माझ्याकडे आहे. मागच्या आठवड्यात मी त्याच नाववाल्याला फोन केला आणि अटी सांगितल्या. ब्रेड आणायचा नाही. नांगर प्रवाळावर टाकायचा नाही, वाळूत टाकायचा. कासव दिसलं तर इंजिन बंद, लांब उभं राहायचं, कोणी पाण्यात उतरायचं नाही, आणि ते आपण होऊन जाईपर्यंत आपण हलायचं नाही. दिसलं नाही तरी भाडं पूर्ण, आणि वर दोनशे रुपये जास्त.

तिकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं रेंज गेली. मग तो जपून म्हणाला, "तुमी नागपूरचेच मां?"