सही करणाऱ्यांची नावे घ्या

युरोपातल्या सत्ता एकमेकींच्या उरावर का बसतात, असे विचारले की आमच्या विद्वानांना लगेच तत्त्वज्ञान सुचते. बाजारपेठा, वसाहती, तह, राष्ट्राभिमान यांचा म्हणे गुंता झाला आणि पहिले महायुद्ध पेटले. ब्रिटनचे युद्धकाळातले पंतप्रधान लॉईड जॉर्ज तर आठवणीत लिहून गेले की राष्ट्रे घसरत जाऊन रणात पडली. घसरली! अहो, आमच्या सोनकच्छला कालीसिंध नदीच्या घाटावर शेवाळावरून पाय घसरतो. लाखोंची फौज घसरून सरहद्द ओलांडत नाही. त्याआधी कोणीतरी कागद पुढ्यात ओढून सही केलेली असते.

कारणे खोटी नाहीत. १८८४-८५ साली बर्लिनमध्ये जमून याच मंडळींनी आफ्रिका बळकावण्याचे नियम ठरवले. त्या लुटीची हाव पुढे त्यांनाच भोवली. पण हाव काही सही करीत नाही. ५ जुलै १९१४ रोजी ऑस्ट्रियाला 'तुम्ही व्हा पुढे' म्हणून बिनशर्त पाठिंबा दिला तो कैसर विल्हेल्मने. २८ जुलैला सर्बियावर युद्ध पुकारले ते व्हिएन्नाच्या दरबाराने. मग रशियाच्या झारने फौजा उभ्या केल्या, जर्मनी बेल्जियममध्ये घुसली आणि ४ ऑगस्टला ब्रिटनही उतरले. दोष सर्वांचा सारखा नाही. व्हिएन्ना आणि बर्लिनचा पहिला. गंमत पाहा, कैसर आणि पंचम जॉर्ज आतेमामे भाऊ, जॉर्ज आणि झार मावसभाऊ. आमच्या देवासातही थोरल्या आणि धाकट्या पातीच्या दोन गाद्या एकाच गावात नांदल्या. त्यांच्या भाऊबंदकीपायी जग नाही जळले.

आणि हिंदुस्थान? व्हाइसरॉय हार्डिंगने आम्हाला न विचारता युद्धात ढकलले. आयजीच्या जिवावर बायजी उदार! तेरा लाखांवर माणसे समुद्रापार गेली, सुमारे ७४ हजार परतली नाहीत. वर १९१७ साली दहा कोटी पौंडांची 'भेट'. सोनकच्छ तेव्हा शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात. माधवराव महाराजांनी इतर संस्थानिकांना घेऊन 'लॉयल्टी' नावाचे इस्पितळ-जहाज सजवले आणि १९१६ साली झालेल्या मुलाच्या नावात 'जॉर्ज' घातले. जखमींची सेवा झाली, ते चांगलेच; पण राजनिष्ठेचे हे कौतुक चालले होते कोणाच्या रक्तावर?

महूच्या छावणीचे नाव लावणारी घोडदळ ब्रिगेड फ्रान्समध्ये होती. १ डिसेंबर १९१७ रोजी कांब्रेच्या लढाईत तिच्यातल्या गोबिंदसिंग या लान्स दफेदाराने उघड्या मैदानातून, गोळ्यांच्या माऱ्यात, दीड मैलावर तीन वेळा निरोप पोचवले. तिन्ही वेळा खालचा घोडा मारला गेला, तिन्ही वेळा उरलेली वाट त्याने पायी तोडली. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आणि कैसर? व्हर्सायच्या तहात त्याच्यावर खटला भरण्याचे कलम होते, हॉलंडने त्याला सोपवले नाही. डोर्नच्या वाड्यात लाकडे फोडीत तो १९४१ पर्यंत सुखाने जगला.

इकडे जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत टिळक स्वराज्याचे बोलू लागताच गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना अडवले, आणि टिळक सभा सोडून निघाले. माणसे द्या, तोंड उघडू नका, हाच त्या सरकारचा व्यवहार.

तो व्यवहार गोऱ्यांबरोबर गेला म्हणता? २४ फेब्रुवारी २०२२ रोजी पुतिन यांनी युक्रेनवर फौजा सोडल्या. जगात गहू कडाडला, माळव्यातल्या शेतकऱ्याला २,०१५ रुपयांच्या हमीभावावर चार पैसे दिसू लागले. तोच १३ मे रोजी दिल्लीने निर्यात बंद केली. डीएपी खताची पोती १,२०० वरून १,३५० रुपयांवर गेली. त्यावरही सरकारला पोत्यामागे अडीच हजार अनुदान मोजावे लागले. निर्यातबंदीचा जाब दिल्लीने द्यावा. शहरात पीठ स्वस्त राहावे म्हणून मंडीत उभ्या शेतकऱ्याच्याच खिशात हात का? पण आग लावणारा एकच, आणि 'नाटो पुढे सरकत होती' म्हणून त्याला पाठीशी घालणारे आमच्या वृत्तवाहिन्यांवर रोज दिसतात. सरकत असेल! रणगाडे नाटोने सांगितले म्हणून कीव्हकडे निघाले काय?

मार्च २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने युक्रेनची मुले पळवल्याच्या आरोपावरून पुतिन यांच्यावर अटकेचे वॉरंट काढले. सप्टेंबर २०२४ मध्ये तेच पुतिन मंगोलियात, म्हणजे त्या न्यायालयाच्या सभासद देशात, उतरले आणि लष्करी मानवंदना घेऊन परत गेले.